बंगळूरच्या कुंपणावरची हाडसांधी

बागांचे शहर म्हणून नावाजलेल्या बंगळूरमध्ये एक वेल अशी आहे, जी कुठल्याही बागेत मुद्दाम लावली जात नव्हती. ती कुंपणावर वाढायची, आजीच्या हाताने पाट्यावर यायची आणि मोडलेल्या हाडाला आधार द्यायची. आज कुंपण गेले, पाटा गेला. मग ही वेल गेली कुठे?

सकाळी सात-साडेसातची वेळ. बसवनगुडीतल्या गांधी बाजारात फुलांच्या टोपल्या उघडू लागलेल्या असतात. शेवंती, मल्लिगे म्हणजे मोगरा, कनकांबर म्हणजे आपली अबोली यांचे गजरे हातावर मोजून दिले जातात. फुलांच्या रांगेपुढे नागवेलीची पाने, केळीची पाने, आंब्याचे डहाळे आणि मग भाजी. या भाजीवाल्यांत एखादी म्हातारी बाई थोडीशीच भाजी घेऊन बसलेली दिसते. तिच्यापुढे शेवग्याचा पाला, करडी-हिरवी कसलीशी पाने आणि कधी कधी सुतळीने बांधलेली हिरव्या कांड्यांची एक जुडी असते. ही कांडी गोल नसतात, चौकोनी असतात. चार बाजूंना चार धारा आणि दर बोटभर अंतरावर एक सांधा. जणू कोणी हिरव्या मेणाची साखळी ओतून ठेवली आहे.

पुण्या-नाशिकहून आलेली एखादी गृहिणी कुतूहलाने थांबते आणि विचारते, "अज्जी, हे काय?"

"मंगरवळ्ळी, अम्मा. चटणीला." पुढचे उत्तर मात्र हाताने मिळते. म्हातारी आपला गुडघा चोळून दाखवते आणि हसते.

ही मंगरवळ्ळी म्हणजे आपली हाडसांधी. कोणी तिला कांडवेल म्हणतात, कोणी चौधारी, तर कोणी हाडजोडी. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात निवडुंगाच्या आणि बाभळीच्या कुंपणावर चढलेली ही वेल अनेकांनी पाहिली असेल. पाहिली असेल, पण तिच्याकडे लक्ष दिले असेलच असे नाही. कारण दिसायला ती फारशी देखणी नाही. नावाजलेली फुले नाहीत, सुगंध नाही, खाण्याजोगे फळ नाही. तरीसुद्धा तिचे घराणे असे आहे, की ऐकून नाशिककरांनी आणि तासगावकरांनी कान टवकारावेत.

द्राक्षाची रानटी बहीण

हाडसांधी द्राक्षाच्या कुळातली आहे. शास्त्रीय भाषेत या कुळाला व्हायटेसी म्हणतात आणि हाडसांधीचे नाव आहे सिसस क्वाड्रँग्युलॅरिस. यातला दुसरा शब्द 'चार कोनांची' अशा अर्थाचा आहे. प्रसिद्ध स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ साली हे नाव दिले. त्याआधी शेकडो वर्षे आपल्याकडे ही वेल ओळखीची होती, हे सांगायला नकोच.

पण द्राक्ष कुठे आणि हे चौकोनी कांड कुठे! नाते पटायचे तरी कसे? त्यासाठी वेलीचे पेर नीट पाहावे लागते. पेरापाशी एका बाजूला पान असते आणि त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, स्प्रिंगसारखा वळलेला एक तंतू. द्राक्षबागायतदार याच तंतूला 'बाळी' म्हणतात. पानासमोर बाळी ही या साऱ्या कुळाची खूण आहे. बागेत कधी कधी घड धरण्याऐवजी त्याची बाळी होते आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. घड आणि बाळी हे मुळात एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत. द्राक्षाला माणसाने घडासाठी जोपासले. हाडसांधीला कोणीच जोपासले नाही, म्हणून ती बाळीच्या आधाराने काट्याकुट्यांतून स्वतःची वाट काढत राहिली.

पावसाळ्यात तिला बारीक, हिरवट-पांढरी फुले येतात. द्राक्षाच्या फुलाला सहसा पाच पाकळ्या असतात, हिच्या फुलाला चार. पुढे वाटाण्याएवढी लाल फळे धरतात. दिसायला ती इवल्याशा द्राक्षांसारखीच, पण मुलांना आवर्जून सांगावे, की ही फळे तोंडात घालायची नाहीत. जिभेला आणि घशाला चांगलीच खाज सुटते.

गंमत अशी, की बंगळूरची ओळख या कुळातल्या दुसऱ्या बहिणीनेही राखली आहे. शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला गेले की गडद जांभळ्या द्राक्षांचे मांडव दिसतात. हीच 'बंगलोर ब्लू' द्राक्षे. साल जाड, चव आंबटगोड, वास जॅमची आठवण करून देणारा. रसासाठी, जॅमसाठी आणि वाइनसाठी ती वापरतात आणि त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एका बहिणीला मांडव, खते, फवारणी आणि मानांकन. दुसरीच्या वाट्याला कुंपण आणि खडक! पण दुसरीने त्याची तक्रार कधी केली नाही.

बंगळूरमध्ये फिरताना आणखी एका नातेवाइकाची भेट होते. जुन्या बंगल्यांच्या फाटकावरून आणि सज्ज्यांवरून दोऱ्यांसारख्या लांबच लांब तांबूस मुळ्यांचा पडदा सोडणारी एक शोभेची वेल हल्ली जागोजाग दिसते. तीही सिसस घराण्यातलीच, पण मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पाहुणी दारावर मिरवते आहे आणि घरची लेक बाजारात जुडीभर उरली आहे.

नावातच हाड

या वेलीची नावे एकत्र केली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मराठीत हाडसांधी, हिंदीत हडजोड. संस्कृतात अस्थिसंहार, अस्थिशृंखला आणि वज्रवल्ली. कन्नडमध्ये मंगरवळ्ळीबरोबरच 'संदुबळ्ळी' असेही नाव आहे. संदु म्हणजे सांधा आणि बळ्ळी म्हणजे वेल. तमिळमध्ये तिला पिरंडै म्हणतात, तेलुगूत नल्लेरु. बंगळूरच्या बाजारात ही चारही भाषांतली नावे चालतात, कारण या शहरात या चारही भाषा बोलणारी माणसे शेजारीशेजारी राहतात.

हाडाशी नाते का जोडले गेले असावे? एक कारण डोळ्यांना दिसते. तिची कांडी हाडांच्या साखळीसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. पण निव्वळ रूपावरून कोणी औषध हजार वर्षे टिकवत नाही. अकराव्या शतकातल्या 'चक्रदत्त' या वैद्यकग्रंथात हाड मोडल्यावरच्या उपचारांत तिचा उल्लेख आहे. आयुर्वेदाच्या दुकानात आजही मिळणाऱ्या लाक्षा गुग्गुळातही लाख, अर्जुन, अश्वगंधा यांच्या जोडीला ही असते.

सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथातली गोष्ट तर गृहिणींना विशेष आवडेल. तिथे सांगितले आहे, की हाडसांधीचे कांड सोलावे, त्याच्या निम्मी सालरहित उडीद डाळ घालून वाटावे आणि त्याचे वडे तिळाच्या तेलात तळावे. वातविकारावरचा हा उपाय. आता बंगळूरच्या तमिळ किंवा कन्नड घरातल्या चटणीची कृती विचारा. कांडी सोला, उडीद डाळ घ्या, तिळाच्या तेलात परता! ग्रंथ कोणी वाचला नसेल, पण उडीद आणि तिळाचे तेल यांची जोडी चार-साडेचारशे वर्षांत सुटलेली नाही.

आधुनिक विज्ञानाने या वेलीची दखल घेतली, तीही एका मूळच्या कर्नाटकातल्या शल्यचिकित्सकामुळे. डॉ. के. एन. उडुपा हे बनारस हिंदू विद्यापीठातले नामवंत सर्जन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले. मोडलेल्या हाडात कॅल्शियम किती वेगाने जमते, हे किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून पाहिले आणि जुळलेल्या हाडाची ताकदही मोजली. हाडसांधी दिलेल्या प्राण्यांचे हाड लवकर भरून येते, असे त्यांना आढळले. त्यानंतर देशोदेशी अभ्यास होत राहिले. माणसांवरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत. म्हणून ही वेल उपयोगी असू शकते इतके म्हणता येते, हमखास इलाज म्हणता येत नाही. परदेशात व्यायाम करणारे तरुण आता सांधेदुखीसाठी तिच्या कॅप्सूल विकत घेतात. ज्या वेलीला आपण कुंपणावरून उपटून टाकतो, ती बाटलीत बंद होऊन, सुंदर लेबल लावून आपल्याच औषधाच्या दुकानात येते.

खडकांचे शहर

बंगळूर म्हटले की डोळ्यांपुढे बागा येतात, नाही तर संगणकाच्या काचेच्या इमारती. पण या शहराचे खरे रूप पाहायचे तर लालबागेत जावे. हैदर अलीने १७६० साली सुरू केलेली आणि टिपू सुलतानाने वाढवलेली ही बाग आज २४० एकरांवर पसरली आहे. १८८९ साली उभारलेले काचघर पाहायला सगळेच जातात. त्याआधी समोरच्या काळ्या-करड्या टेकडीवर चढावे. तिच्या माथ्यावर केंपेगौडाचा छोटा मनोरा आहे. पायाखालचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीवरच्या अतिशय जुन्या खडकांत त्याची गणना होते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे.

केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसवले, तेव्हा आजूबाजूला असेच खडक होते, खडकांच्या खोलगट भागात तळी होती आणि दोहोंच्या मधे काटेरी झुडपांचे रान होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीचे हे पठार म्हणजे हाडसांधीचे माहेरच. मूठभर माती, भरपूर ऊन आणि चढायला एखादे काटेरी झुडूप. तिला याहून जास्त काही लागत नाही.

त्या रानाची आठवण शहराने एका नावात जपली आहे आणि तिथे मराठी माणसाने थोडे थांबायलाच हवे. मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे मंदिर आहे. 'काडु' म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर! १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. जिजाऊ आणि बाल शिवाजी यांचाही काही काळ येथे मुक्काम होता. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी या मल्लेश्वराला दिलेल्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख येथे आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले आणि १६८७ साली हे शहर म्हैसूरच्या वडियारांकडे आले.

त्यानंतर १८९८ साली प्लेगची मोठी साथ आली. दाटीवाटीच्या जुन्या पेठेतून लोकांना मोकळ्या हवेत हलवण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती आखल्या गेल्या. रुंद रस्ते, घरापुढे अंगण, मागे परसदार आणि भोवती झाडांचे कुंपण. या कुंपणाने एक मोठे काम केले. रान तुटले तरी रानातल्या वेलींना शहरात राहायला जागा मिळाली. घरात कोणाचा पाय मुरगळला, कोणाला भूक लागेनाशी झाली, बाळंतिणीच्या कंबरेत चमक भरली, की परसदारी जाऊन चार कांडी तोडून आणायची. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता.

आता त्या बैठ्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला परसदार नसते आणि इमारतीला सिमेंटची भिंत असते. हाडसांधी दुर्मीळ झाली आहे का? मुळीच नाही. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, अरबस्तान, आफ्रिका इतक्या मोठ्या प्रदेशात ती वाढते. हरवते आहे ते तिचे घराजवळ असणे. आणि जी वस्तू रोज डोळ्यांपुढे नसते, तिची ओळख एका पिढीत पुसली जाते. आजीला ठाऊक असते, आईने नाव ऐकलेले असते, मुलीला ते चित्रही ओळखता येत नाही.

शोलेच्या खडकांकडे

वेल तिच्या माहेरी पाहायची असेल, तर एक दिवस शहराबाहेर काढावा. म्हैसूर रस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर आहे. १९७५ साली पडद्यावर आलेल्या 'शोले'मधला गब्बरसिंगचा अड्डा याच खडकांत होता. इथल्या रामदेवर बेट्टावर २०१२ साली गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झाले. बंगळूरच्या पश्चिमेला मागडीजवळ सावनदुर्ग आहे. एकसंध शिळेची ही प्रचंड टेकडी समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर उंच आहे. करीगुड्ड आणि बिळीगुड्ड, म्हणजे काळा डोंगर आणि पांढरा डोंगर, असे तिचे दोन भाग. पायथ्याशी वीरभद्राचे आणि नरसिंहाचे देऊळ आहे. १७९१ साली टिपूविरुद्धच्या लढाईत कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला होता.

पायथ्याच्या झुडपी रानातून चालताना बोरी, बाभळी, निवडुंग असे काटेरी सोबती भेटतात. हाडसांधी शोधायची ती यांच्याच गर्दीत. ऐन उन्हाळ्यात गेलात, तर सारे वाळलेले दिसेल आणि त्या वाळलेल्या काट्यांवर ही हिरवीगार साखळी लोंबत असेल. पाने नसतील. पाणी वाचवण्यासाठी ती पाने टाकून देते आणि पानांचे काम हिरव्या कांड्यांवर सोपवते. एवढेच नव्हे, तर श्वसनाची वेळही बदलते. बहुतेक झाडे दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. हाडसांधीची कांडी कडक कोरड्या दिवसांत आपली सूक्ष्म छिद्रे उन्हात मिटून ठेवतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर, उघडतात. त्यामुळे पाण्याचा थेंबही वाया जात नाही. निवडुंगाचीही हीच रीत.

आणखी एक गुण आहे. कांडे सांध्यापाशी सहज तुटते आणि मातीवर पडलेल्या तुकड्याला मुळे फुटतात. म्हणजे गुरांनी तोडले, वाऱ्याने मोडले, तरी एका वेलीच्या दोन वेली होतात. मोडणे आणि पुन्हा जोम धरणे हे तिच्या अंगातच आहे. लोकांनी तिच्यात हाड जोडण्याचा गुण शोधला, त्यात हे निरीक्षणही असेल.

एक सूचना मात्र पाळावी. अशा रानातून वेली उपटून आणू नयेत. सावनदुर्ग आणि रामदेवर बेट्ट हे वनखात्याच्या ताब्यातले भाग आहेत. शिवाय तोडून आणायची गरजही नाही, हे पुढे दिसेलच.

मोडलेले हाड आणि बांबूची पट्टी

बंगळूरच्या रस्त्यांवर जागोजागी एक पाटी दिसते, 'पुत्तूर कट्टु'. पुत्तूर हे आंध्र प्रदेशातले तिरुपतीजवळचे गाव. तिथले पारंपरिक हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या हाड बसवतात, वर औषधी लेप देऊन बांबूच्या पट्ट्या आणि कापड बांधतात. कट्टु म्हणजे बांधणे. दक्षिणेतून लोक तिथे जातात आणि त्याच नावाने शहरोशहरी दुकाने चालतात. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत हाडसांधीचा ठेचा बांधून गुरांचे पाय बरे करणारी माणसे होती.

या परंपरेत हातांची कसब आहे, हे नाकारता येणार नाही. पण धोकाही तितकाच खरा आहे. पट्टी फार आवळली गेली, तर हाताचा किंवा पायाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि मग बोटे, प्रसंगी पायही गमवावा लागतो. अशा रुग्णांची, त्यातही लहान मुलांची, वर्णने अस्थिरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत वारंवार आलेली आहेत. कोपराजवळच्या मोडीत तर काही तासांचा उशीरही महागात पडतो. बाहेरून बोट लावून हाडाचा तुकडा कसा सरकला आहे हे कळत नाही, त्यासाठी एक्स-रेच हवा.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे. हाड मोडले, तर आधी रुग्णालय. पट्टी किंवा प्लास्टर घातल्यावर बोटे निळी-काळी पडली, बधिर झाली, थंडगार लागली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता परत दाखवावे. हाडसांधीची जागा त्यानंतरची आहे आणि तीही जेवणाच्या ताटात. औषध म्हणून घ्यायची तर वैद्याला विचारून घ्यावी. गरोदर स्त्रिया, मूतखड्याचा त्रास असणारे आणि मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणारे यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. वेलीवर प्रेम करणे वेगळे आणि तिच्या भरवशावर मुलाचा हात सोडणे वेगळे.

ताटातली मंगरवळ्ळी

दक्षिणेत तमिळ घरांमध्ये उडदाच्या पापडाच्या पिठातही हिचा रस घालतात. मलनाड भागात ताकातली 'तंबुळी' करतात. पण सगळ्यांत सोपी ती चटणी.

त्यासाठी वेलीच्या शेंड्याकडची कोवळी, बोटाने सहज मोडणारी कांडी वाटीभर घ्यावीत. आधी हातांना तेल चोळावे, नाही तर खाज सुटते. वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते त्वचेला टोचतात. अळू आणि सुरण खाजतात ते याच कारणाने. चारही धारांचे दोरे सोलून काढावेत, सांधे टाकून द्यावेत आणि बारीक तुकडे करावेत. तिळाच्या तेलात दोन चमचे उडीद डाळ, चार-पाच सुक्या मिरच्या आणि चिमूटभर हिंग परतून बाजूला काढावे. त्याच तेलात कांड्यांचे तुकडे मंद आचेवर रंग पालटून तपकिरी छटा येईपर्यंत चांगले परतावेत. येथे घाई करू नये. कच्चट राहिले की घसा खवखवलाच म्हणून समजा. मग लिंबाएवढी चिंच, अर्धी वाटी ओले खोबरे, मीठ आणि गुळाचा खडा घालून सारे जाडसर वाटावे. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. चिंच वगळू नये, तिच्यामुळेच उरलीसुरली खाज मोडते.

गरम भात, वर तुपाची धार आणि ही चटणी. चव किंचित तुरट, आंबट आणि खमंग. जेवणावरची वासना उडालेल्या माणसालाही भूक लागते, अशी दक्षिणेतल्या घराघरांत समजूत आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने मात्र चमचाभरच घ्यावी.

कुंडीतले माहेर

बंगळूरच्या उत्तरेला येलहंकाजवळ जारकबंडे कावल या राखीव रानाला लागून एक संस्था आहे. १९९३ साली 'फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स' या नावाने ती सुरू झाली. तिचे एक संस्थापक दर्शन शंकर यांनी त्याआधी आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या आदिवासी भागात बरीच वर्षे काम केले होते. आदिवासींना ठाऊक असलेल्या वनस्पतींचे ज्ञान किती मोठे आहे, हे त्यांनी तिथे पाहिले. आज ही संस्था विद्यापीठ झाली आहे. तिथे औषधी वनस्पतींची मोठी बाग आहे, वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. दुखण्याखुपण्यावरच्या नेहमीच्या वनस्पती लोकांनी घरीच लावाव्यात, म्हणून घरगुती औषधी बागांचा उपक्रमही तिने दक्षिणेतल्या राज्यांत आणि महाराष्ट्रातही चालवला.

संस्था वनस्पती सांभाळतील, त्यांची नोंद ठेवतील. पण चटणी करायला कोणी संस्था येणार नाही. ते काम घरचेच. आणि हाडसांधीइतकी कमी मागणे मागणारी वेल दुसरी शोधून सापडणार नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतले एक जून कांडे दोन दिवस सावलीत सुकू द्यावे, मग एक सांधा मातीत जाईल असे कुंडीत खोचावे. माती भुसभुशीत, निम्मी वाळू चालेल. पाणी आठवड्यातून एक-दोनदा पुरे. जास्त पाणी हाच तिचा एकमेव शत्रू. बाल्कनीच्या गजाला बाळ्यांनी पकडून ती आपली आपण वर चढेल. मुंबईचे दमट ऊन असो की सोलापूरचे रखरखीत, तिला दोन्ही मानवते.

बंगळूरच्या कितीतरी गच्च्यांवर आता अशा कुंड्या दिसतात. संगणक कंपनीत काम करणारी मुलगी सुट्टीत आजीच्या घरून दोन कांडी पिशवीत घालून आणते आणि दहाव्या मजल्यावर लावते. सोबत आजीने फोनवर सांगितलेली कृती असते, 'आधी हाताला तेल लाव बरे!' खडकावरची वेल गजावर चढते. कुंपण नाही, परसदार नाही, पण आजी आणि नात यांच्यामधला निखळू लागलेला एक सांधा मात्र पुन्हा जागेवर बसतो.

जाताना एवढे लक्षात ठेवा

मुंबई-पुण्याहून बंगळूरला थेट रेल्वे आणि बससेवा आहे. शहरात मेट्रोच्या हिरव्या मार्गाने कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज आणि लालबाग ही स्थानके एकापाठोपाठ येतात. गांधी बाजार नॅशनल कॉलेज स्थानकापासून जवळ आहे. काडु मल्लेश्वर मंदिरासाठी मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावर उतरावे. बाजार सकाळीच पाहावा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मंगरवळ्ळीची कोवळी कांडी मिळण्याची शक्यता अधिक. सावनदुर्गला मागडीमार्गे जावे लागते. चढण उभी आणि खडक गुळगुळीत असल्याने पावसात वर चढू नये, पायथ्याच्या रानातूनच फिरून यावे. आणि बाजारातल्या म्हातारीकडे मंगरवळ्ळीची जुडी दिसलीच, तर घासाघीस न करता घ्यावी. रान कुठे उरले आहे आणि त्यात काय वाढते, हे अजून तिला ठाऊक आहे.